बिनहळदीचं टेबल

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या कुपीतलं पाणी निळं झालं आणि मी ओरडले नाही. लॅबमध्ये आनंद लगेच जाहीर केला तर तो दुपारपर्यंत टिकत नाही, एवढं मी तोवर शिकले होते. मी दिवा बंद केला, मोबाइलवर फोटो काढला आणि आईला पाठवला. आई महापालिकेच्या प्रसूतिगृहात परिचारिका आहे, ती तेव्हा ड्यूटीवर होती. तिचं उत्तर आलं, "आपला निळा." मला रागच आला. पाच वर्षं घासून मिळवलेला रंग हिनं नेऊन घरच्या झेंड्याला चिकटवला होता. मी काही उत्तर दिलं नाही.

तो दसऱ्यानंतरचा दिवस होता. हे लक्षात ठेवा, कारण मी ते लिहून ठेवलं नव्हतं.

आता हा निळा म्हणजे काय ते सांगायला हवं. पॉर्फिरिन नावाचे रेणू असतात. रक्तातला लाल आणि पानातला हिरवा, दोन्ही त्याच घराण्यातले. आकार चपटा. माझ्याकडे त्यांचे दोन प्रकार होते, एकावर धन भार, दुसऱ्यावर ऋण. पाण्यात एकत्र सोडले की ते आपले आपण एकमेकांवर रचले जातात, भाकऱ्यांची चळत लागावी तसे. कोणी रचायला बसत नाही. या चळतीवर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन जागचा उठतो. चळत लांब आणि सरळ असेल तर तो दूर निघून जातो. आखूड, वेडीवाकडी असेल तर उठल्या पावली परत येऊन बसतो आणि प्रकाश वाया जातो. तो गेला की नाही हे डोळ्यांना दिसावं म्हणून पाण्यात एक रंगहीन क्षार घालायचा. त्याला इलेक्ट्रॉन मिळाला की तो निळा होतो. झाडाची पानं असलं काम रोज बिनबोभाट करतात. मी पाच वर्षं करत होते आणि त्या शुक्रवारपर्यंत माझं पाणी हिरवटच राहिलं होतं.

पीएचडीच्या नोंदणीची मुदत जानेवारीअखेर संपत होती. ती आधीच एकदा वाढवून घेतलेली. प्रबंधाची चार प्रकरणं, त्यातलं चौथं म्हणजे हा निळा. त्याच्याशिवाय पहिली तीन म्हणजे नुसती तयारी. मंडप घातला, जेवणावळीच्या पंगती मांडल्या आणि लग्नच नाही.

कुठला प्रकाश किती शोषला गेला याचा स्पेक्ट्रोमीटरवर काढलेला आलेख सरांनी पाहिला. आमचे सर फारसे हसत नाहीत. त्या दिवशी चष्मा काढून पुसला, म्हणजे खूश होते. मग म्हणाले की नवी कुपी घे, नवं पाणी घे आणि परत कर.

मी परत केलं. पाणी हिरवटच राहिलं.

पहिल्या वेळी वाटलं, कुपीत हवा शिरली असेल. हवेतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन मधल्या मध्ये पळवतो, म्हणून आम्ही नायट्रोजन सोडून हवा काढून टाकतो. दुसऱ्या वेळी नायट्रोजनची नळी बदलली. तिसऱ्या वेळी पाणी बदललं. चौथ्या वेळी दिव्याची तपासणी केली, पाचव्या वेळी काचेची भांडी आम्लात भिजवून घासली, सहाव्या वेळी जुन्या बाटलीतलं शेवटचं पॉर्फिरिन खरवडून वापरलं. दिवाळी आली आणि गेली. आईनं करंज्यांचा डबा दिला होता तो मी लॅबच्या खणात विसरले, आठवडाभरानं सापडला तेव्हा त्याला वास येत होता. नवव्या वेळी मी दिव्यासमोर बसून राहिले आणि कुपीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. मला शिव्या चांगल्या येतात, मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढले आहे.

शिकलेल्या माणसाला न शोभणारी चूक मी आधीच करून बसले होते. त्या शुक्रवारी मी तीन मोजमापं घेतली होती, पण तिन्ही एकाच कुपीतून. तीनदा मोजलं म्हणजे तीनदा मिळालं असं मीच मला सांगितलं होतं. सरांनी विचारलं तेव्हा खरं सांगावं लागलं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझा जुना आलेख होता आणि जांभळ्या प्रकाशाच्या भागात एक बारीक उंचवटा होता, त्याला पेन्सिलीनं गोल केलेला.

"हळद इथेच प्रकाश खाते," ते म्हणाले. "आदल्या दिवसांत पूजा झाली होती ना?"

झाली होती. आमच्या लॅबमध्ये खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. गिरणीत मागांची व्हायची, गॅरेजमध्ये पान्यांची होते, तशी इथे स्पेक्ट्रोमीटरची होते. झेंडूचे हार, अगरबत्ती, प्रत्येक यंत्रावर हळदीकुंकवाची बोटं, पेढे. हे सगळं करतात आमचे लॅबचे काका, म्हणजे परिचर. लालबागचे, मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत होते. आदल्या संध्याकाळीच ते यंत्रं पुसून झाकून ठेवतात आणि मग दसरा होईपर्यंत कोणाला हात लावू देत नाहीत. सरही लावत नाहीत.

मी त्या दिवशी लॅबला नसते. कधीच नसते. पहिल्या वर्षी होते. पूजा झाल्यावर पाहिलं तर माझ्या टेबलाच्या कडेवर पिवळीलाल पाच बोटं उमटली होती. आमच्या घरी भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे, तिच्याखाली बसून मी अभ्यास केला. त्या बोटांकडे बघून मला कसंतरी झालं. दसरा झाल्यावर लवकर येऊन, कोणी नाही असं बघून, मी ती ओल्या टिश्यूनं पुसून टाकली. दुसऱ्या वर्षापासून खंडेनवमीला मी रजा घेऊ लागले आणि दसऱ्याला आईबरोबर चैत्यभूमीला जाऊ लागले. कोणी विचारलंच तर घरी होते म्हणायचे. एकदा लॅबमधल्या मुलांबरोबर जेवताना खरं सांगितलं होतं, तेव्हा टेबलावर क्षणभर कोणी घास उचलला नव्हता आणि मग कोणीतरी लोणच्याविषयी बोलायला लागलं. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त लोणचं. पण मला पुरे झालं.

आणि त्या दुसऱ्या वर्षापासून परत आलं की दिसायचं: लॅबमधल्या प्रत्येक टेबलावर, प्रत्येक यंत्रावर, अगदी कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा हळद, आणि माझं टेबल तेवढं कोरं. मी पुसली होती ते कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे यांना कळलंय मी कोण आहे, आणि यांनी मला वगळलंय. मला पूजा नको होती हे खरं. पण नको म्हणणं आणि वगळलं जाणं यांतला फरक मला आईच्या पोटात असल्यापासून माहीत आहे. चार वर्षं तो राग मी सांभाळला. कोणाला सांगितला नाही, आईलाही नाही.

सरांचं म्हणणं असं की पूजेच्या वेळी हळदीचा कण माझ्या कुपीत गेला असणार, त्यानंच काहीतरी भलतं घडलं असणार, आणि तसं असेल तर तो निकाल केराच्या टोपलीत टाकायचा. पुढच्या वर्षीपासून लॅबमध्ये हे प्रकार बंद, असंही ते म्हणाले. चौथं प्रकरण काढून टाकायचं की नाही हे शुक्रवारी ठरवू. तोवर काही मिळालं तर त्यांच्या समोर करून दाखवायचं.

मी केबिनमधून बाहेर आले. खरं सांगायचं तर आत कुठेतरी मला बरंही वाटलं. दोष द्यायला कोणीतरी मिळालं होतं. मी सरळ काकांकडे गेले. ते बेसिनपाशी फ्लास्क धुत होते. मी आवाज चढवला नाही, पण नेहमीची 'काका'ची हाक मारली नाही. विचारलं की तुमच्या हळदीनं माझी पाच वर्षं गेली, खंडेनवमीला माझ्या टेबलापाशी काय काय केलंत ते जरा आठवून सांगा.

त्यांनी नळ बंद केला. हात पुसले.

"तुझ्या टेबलाला मी हळद लावतच नाय गो," ते म्हणाले. "पयल्या वर्षी लावलेली. मग तू सकाळी ती पुसत होतीस. मी दारात होतो. म्हटलं, हिला नको असंल. मग नाय लावली."

बेसिनच्या नळातून थेंब पडत होते.

"आणि तुझी बाटली तर तिथं नव्हतीच," ते पुढे म्हणाले. पूजेला सगळी गर्दी करतात, फुलं काय, कुंकू काय, उडतं. त्यात काही पडलं तर पोरगीचं काम फुकट जायचं, म्हणून मंगळवारी संध्याकाळीच त्यांनी ती उचलून काळ्या फडक्यात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवली होती. शुक्रवारी मी यायच्या आधी परत जागेवर.

"आणि स्टरर?" मी विचारलं.

स्टरर म्हणजे कुपीच्या खाली ठेवायचं छोटं यंत्र; त्यातल्या चुंबकानं कुपीतली कांडी फिरत राहते आणि पाणी ढवळलं जातं. मंगळवारी मी दोन्ही पॉर्फिरिनं एकत्र केली होती आणि मोजायला गेले तर काकांनी यंत्रं झाकून ठेवलेली. मी चिडून, कुपीला फॉइल गुंडाळून, स्टरर चालूच ठेवून घरी गेले होते. चळत तासाभरात लागते, ढवळत ठेवलं की सगळीकडे सारखी लागते, असं आम्ही पहिल्यापासून धरून चाललो होतो. शुक्रवारी आले तेव्हा स्टरर फिरत होता. म्हणून मी समजले की तो अडीच दिवस फिरतच होता.

"तो बंद केला," काका म्हणाले. "कपाटात कुठं लावणार? बाटली परत ठेवली तवा चालू केला. का, चुकलं काय?"

अडीच दिवस. अंधारात, फडक्यात गुंडाळलेली, कोणी न हलवलेली कुपी. आम्ही ज्या कांडीनं मदत करत होतो ती कांडीच चळत मोडत असणार. दिवाळीनंतर एकदा मी नवी कुपी मुद्दाम अडीच दिवस ठेवून पाहिली होती, पण स्टरर चालू ठेवून. मला काय माहीत. डोक्यात हे सगळं भराभर जुळत होतं आणि त्याच वेळी कानांत दुसरंच वाजत होतं: म्हटलं, हिला नको असंल. ते दुसरं मी तेव्हा बाजूला सारलं. काकांना एवढंच म्हटलं की तुमच्या कपाटात परत जागा लागेल. माफी मागितली नाही. माझ्या स्वभावात ती लवकर निघत नाही.

दिवस मंगळवारच होता. संध्याकाळी मी तीन कुप्या भरल्या. एक स्टररवर, नेहमीसारखी. दुसरी तशीच, पण तिच्यात चिमटीतली चिमटी हळद. ती काकांनीच पूजेच्या डब्यातून काढून दिली आणि देताना काही विचारलं नाही. तिसरी काळ्या फडक्यात, कपाटाच्या खालच्या फळीवर. कपाटावर काकांनी कागद चिकटवला, 'हात लावू नये'. त्याच कपाटात त्यांचा चहाचा कप असतो. दोन दिवस त्यांनी तो काढला नाही. दार उघडलं तर धक्का लागेल म्हणून खाली टपरीवर चहा प्यायले.

बुधवारी आणि गुरुवारी मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. परळच्या लॅबमधून वरळीच्या घरापर्यंत चालत गेले एवढं आठवतं, बस समोरून जात असताना. बाहेर रस्त्यावर खोदकामाचं ड्रिल मशीन चालू होतं आणि मला त्याचा आवाज लॅबच्या भिंतीतून, कपाटाच्या पायांतून कुपीत जाताना दिसत होता. गुरुवारी आईनं विचारलं की चेहरा असा का. मी म्हटलं की उद्या ठरणार आहे, मी डॉक्टर होणार की नाही. तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि तिच्या वॉर्डात म्हणे बायका यापेक्षा कठीण रात्री काढतात असं सांगितलं. आईची सहानुभूती ही अशी असते.

शुक्रवारी सर दहाला आले. खुर्ची ओढून दिव्याच्या बाजूला बसले. काका दारात उभे राहिले, हातात काही काम नसताना. तिन्ही कुप्यांतली हवा काढली, क्षार घातला, झाकणं लावली.

पहिली, स्टररवरची. दहा मिनिटं प्रकाश. हिरवट.

दुसरी, हळदीची. दहा मिनिटं. हिरवटच, जरा पिवळी झाक. आलेखात उंचवटा आला, पण सरांच्या पेन्सिलीच्या गोलाच्या शेजारी, गोलात नाही. सरांनी तो बघितला आणि मान हलवली. म्हणजे हळद सुटली. पण मी सुटले नव्हते.

तिसरी मी दोन्ही हातांनी आणून ठेवली. दिवा लावला. एक मिनिट, दोन, तीन. काही नाही. चौथ्या मिनिटाला मला जानेवारी दिसायला लागला. ऑफिसमधल्या बाईंचा अर्ज परत करतानाचा चेहरा दिसायला लागला. पाचव्या मिनिटाला सर पुढे वाकले. कुपीच्या दिव्याकडच्या कडेला, काचेला लागून, रंग बदलत होता. मग तो आत सरकला. सातव्या मिनिटाला कुपी निळी होती, फोटोतल्यापेक्षा गडद. आणि आलेखातला उंचवटा बरोबर सरांच्या पेन्सिलीच्या गोलात, म्हणजे तो लांब चळतीचाच होता.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सरांनी हात पुढे केला आणि माझी प्रयोगाची वही मागितली. ऑक्टोबरचं पान काढलं. त्यावर लिहिलं होतं: मिसळलं, ढवळलं, मोजलं. तारीख शुक्रवारची.

"यात मंगळवार नाही, बुधवार नाही, गुरुवार नाही," ते म्हणाले. "आपले दोन महिने यामुळे गेले. का लिहिलं नाहीस?"

पूजेचं वहीत कोण लिहितं, असं उत्तर माझ्या ओठांवर होतं. ते अर्धं खरंही होतं. पण काका दारात उभे होते आणि दोन दिवस त्यांनी टपरीवर चहा प्यायला होता.

"ते दिवस लिहिले असते तर मी कुठे होते तेही लिहावं लागलं असतं, सर. मी चैत्यभूमीला होते. दर वर्षी असते. इथे घरी होते म्हणून सांगते."

सरांनी वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन दिलं. मी त्या पानाखाली लिहिलं: मंगळवारी संध्याकाळी मिसळलं. यंत्रपूजेसाठी काकांनी स्टरर बंद करून कुपी त्यांच्या कपाटात ठेवली. बुधवार ते शुक्रवार सकाळ, अंधारात, स्थिर. मी स्वतः धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त चैत्यभूमीला, लॅबमध्ये गैरहजर. शुक्रवारी मोजलं, निळा.

सरांनी ते वाचलं. "असंच ठेवायचं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि निघाले. जाताना काकांपाशी थांबले. पुढच्या वर्षी पूजा बंद करायचं त्यांनी काही काढलं नाही. फक्त म्हणाले की तुमचा चहा आज माझ्याकडून.

मग लॅबमध्ये आम्ही दोघंच उरलो. काकांनी कपाटाचं दार उघडून आपला कप काढला, आत फुंकर मारली. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"काका, चार वर्षं मला वाटत होतं, तुम्ही मुद्दाम माझं टेबल सोडता. मी अमुक घरातली म्हणून."

ते कप हातात धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा असा पडला की मला बोलल्याचा पश्चात्ताप झाला.

"विचारायचंस ना गो," ते म्हणाले.

"तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

ते खुर्चीवर बसले, मी टेबलाला टेकून उभी राहिले, बरोबर त्याच कडेला जिथे पहिल्या वर्षी पाच बोटं होती. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. थोड्या वेळानं मी आईचा मेसेज उघडला. 'आपला निळा', त्याखाली दोन महिने काही नव्हतं. मी नव्या कुपीचा फोटो काढला, मागे काका कप घेऊन बसलेले आले तरी तसाच राहू दिला, आणि खाली लिहिलं, "हो आई. आपलाच."